बारा खांबांचा राखणदार

माहा आवाज मोठा आहे, हे पहिलंच सांगून ठेवते. बोरखडीच्या तळ्याच्या या काठावरून म्या हाक मारली तर त्या काठावरच्या म्हशी मान वर करतात, असं लोक म्हणतात, अन् ते काही खोटं नाही. चाळीस जोड्या कामावर, एक खोदणारा अन् एक वाहणारा अशी एक जोडी. कोण आलं, कोण नाही आलं, कोणाचं लेकरू रडून राह्यलं, कोणाच्या खोदायच्या टिकासीचा दांडा मोडला, हे सारं हळू आवाजात सांभाळून दाखवा मले. तर या माह्या आवाजापायी एका म्हाताऱ्या माणसाले अर्धा घंटा गप बसा लागलं, अन् त्या अर्ध्या घंट्यात माहाच जीव अर्धा झाला. त्या माणसाचं नाव खेमसिंग. पूर्ण नाव सावकाश सांगते, कारण त्याच्यापायीच हे सारं सांगायले बसली आहे मी.

मी विमल गावंडे. घाटंजीपासून दहा-बारा किलोमीटरवर आमची बोरखडी, अन् गावाले लागूनच तांडा. आमचं चार एकर वावर, कापूस अन् तूर. कापसाची पऱ्हाटी उपटून झाली की उन्हाळाभर इथं कोणाच्या हाताले काम नसते. म्हणून एका संस्थेनं दोन सालापासून उन्हाळ्यात कामाच्या बदल्यात धान्य द्यायले सुरुवात केली. गावतळ्यातला गाळ काढायचा, तो वावरात नेऊन टाकायचा, अन् शनिवारी आठवडाभराची ज्वारी, तुरीची डाळ, तेल अन् गुळाची भेली घरी न्यायची. अर्धे लोक गावातले, अर्धे तांड्यावरचे. त्या सगळ्याईची मुकादम मी.

माह्यावर संस्थेचे इंजिनेर कपिल सर. माणूस गुणी, भर उन्हात आमच्यासंग उभा राहणारा, पण नियमाचा कागद त्याच्या खिशातून हटत नाही. एका घरातून एकच माणूस घ्यायचा. साठच्या वरच्या माणसाले खोदकाम द्यायचं नाही. अन् सगळ्यात मोठा नियम मापाचा. तिसरा आठवडा संपला की तळं मोजायचं. सरासरी तीन फूट खोल गेलं असंन तर पुढचे तीन आठवडे काम चालू, धान्य चालू. नसंन गेलं तर तिथंच बंद.

आता तुमी म्हणसान, गाळ तर वाहून गेला, मग किती खोदलं हे समजते कसं? त्याची सोपी रीत आहे. खोदताना मधे मधे मातीचा एकेक खांब तसाच उभा सोडायचा, त्याले टिकास लावायची नाही. खांबाचं डोकं म्हणजे जुनी जमीन, खांबाचा पायथा म्हणजे नवी. टेप लावला की खोली समजली. आमच्या तळ्यात असे बारा खांब सोडायचं ठरलं होतं.

पहिल्या दिवशी नाव लिहायच्या रांगेत खेमसिंगबाबा उभा. डोक्यावर पांढरं पागोटं, मिशा पांढऱ्या, खांद्यावर घरची टिकास, तिचा दांडा तेल लावून चकचकीत केलेला. आधार कार्डावर वय एकोणसत्तर. घरी तो अन् म्हातारी, दुसरं कोणी नाही. कपिल सरनं कार्ड पाह्यलं अन् हात जोडले. म्हणे, "बाबा, तुमाले खोदायले नाही लावता येत. पण म्हाताऱ्या माणसाईसाठी संस्थेची वेगळी थैली आहे, ती घरी पोचवतो."

"फुकटची थैली मी घरात घेत नाही," बाबा म्हणे. "काम सांगा."

"काम नाही देता येत, बाबा."

बाबा रांगेतून हटला नाही. मागची माणसं कुरकुर करायले लागली. कपिल सर काही वाईट बोलून नव्हता राह्यला, पण मले राग आला. कोणाचा आला, मलेच माहीत नाही. तेलपाणी केलेली ती टिकास पाहून आला असंन.

म्या म्हटलं, "सर, बारा खांब सोडतो आपण. मागच्या साली काय झालं, आठवते ना? तीन खांब बकऱ्याईनं पाडले, दोन खांबाच्या डोक्यावर लोकाईनं शिदोऱ्या ठेवू ठेवू ते झिजवले. माप घेताना तुमीच डोक्याले हात लावून बसले होते. या साली खांबाले राखणदार पाह्यजे. खोदकाम नाही, नुसती राखण."

अशी जागा कोणत्या कागदावर नव्हती. म्या ती उभ्या उभ्या तयार केली. कपिल सरनं कागद पाह्यला, बाबाकडं पाह्यलं, मग म्हणे, "ठीक आहे. पण मापाच्या दिवसापर्यंतच. त्या दिवशी या जागेचा उपयोग दिसला तर पुढं ठेवू. नाही तर नाव काढा लागंन, विमलताई, मग भांडू नका."

म्या यादीत लिहिलं, खेमसिंग राठोड. बाबा वाकून पाहे. म्हणे, "बाई, बापाचं नाव राह्यलं. धरमसिंग."

"बाबा, रकाना एवढासा आहे."

"तरी लिवा."

मागं पन्नास माणसं उभी, ऊन डोक्यावर, अन् हा माणूस बापाच्या नावासाठी अडून बसलेला. मी दोन शब्द जोरातच बोलली. पण नाव लिहिल्याशिवाय तो हलला नाही. शेवटी कागदाच्या कडेले आडवं लिहिलं, धरमसिंग. तेव्हा कुठं तो टिकास घेऊन तळ्यात उतरला.

राखण त्यानं अशी केली की विचारू नका. सकाळी सगळ्याईच्या पहिले हजर. बाराही खांबाले चक्कर मारे, कुठं माती सुटली तर पाणी शिंपडून दाबून घे. बकरी दुरून दिसली तरी खडा उचले. बायका त्याले हसत. बाबूसिंग, म्हणजे तांड्यावरच्या जोड्याईचा म्होरक्या, तो तर म्हणे, "बाबा, खांबाले आंघोळ घातली काय आज?" बाबा पुढच्या खांबाकडं निघे.

पहिल्याच आठवड्यात घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी कामाले सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर तळ्याच्या आतल्या उतारावर चहूकडून दगड रोवलेले, अन् दगडाच्या डोक्यावर शेंदूर. मोजले तर बारा. माहं डोकंच फिरलं. "बाबा," म्या म्हटलं, "तुमाले खांब राखायले ठेवलं का देव बसवायले? कपिल सरनं पाह्यलं तर काय सांगू मी?"

"राहू द्या, बाई. कामाचे आहेत."

"देव कामाचेच असतात, पण बारा बारा कायले?"

तो पुढं काही सांगणार होता. पण तेवढ्यात दोघा जणाईचं टोपल्यावरून भांडण लागलं अन् मी तिकडं धावली. ऐकायचं राहून गेलं ते गेलंच. दगड मात्र राह्यले. दोन दिवसात बायकाईनं त्याईच्यावर फुलं वाहायले सुरुवात केली. डोक्यावर गाळाचं टोपलं असलं तरी उतारावरून जाताना दगडाले पाय लागू देत नसत.

तीन आठवडे असे गेले, अन् काम असं रंगलं की मीच चकित. गावातल्या जोड्या अन् तांड्यावरच्या जोड्या याईची चढाओढ लागली. दुपारी भाकर खातानाही कोणाचा कोपरा किती खोल गेला याच्याच गोष्टी. काळा गाळ वावरावावरात पडलेला पाहून मले रोज नव्यानं आनंद होई. शनिवारी माप होतं, अन् यवतमाळहून संस्थेच्या मोठ्या मॅडम येणार होत्या. बाबूसिंगनं तर शुक्रवारी सकाळीच विचारलं, "ताई, मॅडमसाठी काय करायचं?" मी घाईत होती. म्या म्हटलं, "काही करू नका, तळं चांगलं दिसू द्या म्हणजे झालं." हे वाक्य मीच बोलली, हे नीट ध्यानात ठेवा.

घाई याच्यापायी, की मले घाटंजीले जाऊन धान्य आणायचं होतं. मागच्या आठवड्याची ज्वारी किडकी निघालती अन् बायकाईनं माहं डोकं खाल्लं होतं. ज्वारीची पारख बोरखडीत खेमसिंगबाबासारखी कोणाले नाही, तो दाणा दाताखाली धरून सांगते. म्या त्याले म्हटलं, "चला माह्यासंग." तो खांबाकडं पाहून राह्यला. म्हणे, "अन् हे?" म्या म्हटलं, "एका दिवसात कोण खाते त्याईले?" बसवलं त्याले जफरभाईच्या पिकअपमधे. जफरभाई घाटंजीचे, आमचं धान्य तेच आणतात. गाडीले काम नसलं की घराघरात फरशी बसवतात.

रस्त्यानं मी बडबड करून राह्यली होती, की एवढी कायची राखण करता बाबा, मातीचे खांब ते. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. गाडीच्या आवाजात कान देऊन ऐका लागलं.

"बहात्तरच्या दुष्काळात आमचा तांडा बाभुळगावकडं रस्त्याच्या कामावर होता," तो म्हणे. "मी सोळा वर्षाचा. दिवसभर माती खोदायची, संध्याकाळी मजुरीत खायले सुकडी भेटे, तिच्यावर घर चाले. बाप खोदे, मी अन् माय वाहून नेवो. आमच्या खड्ड्यातबी असाच खांब. एक दिवस मले अक्कल सुचली. वीतभर मातीचा ढेप गवतासकट कापला अन् खांबाच्या डोक्यावर बसवला. खांब उंच झाला म्हणजे खड्डा खोल दिसंन, सुकडी जास्ती भेटंन. मापवाल्यानं ढेप बोटानं उचलला. खाली खांबाचं गवत, वर ढेपाचं, एकावर एक. लहान लेकरालेबी समजलं असतं."

"मग?"

"त्यानं विचारलं, कोणाचं काम? मी तोंड उघडायच्या पहिले बाप म्हणे, माहं. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. कारकून एकेक नाव पुकारे. आमच्या पहिलेचं नाव आलं, आमच्या नंतरचं आलं. धरमसिंग आलंच नाही. बाप यादी सरेपर्यंत तसाच उभा राह्यला, सगळ्या तांड्यासमोर. मग टिकास उचलली अन् चालायले लागला. मले मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही त्याच्यावरून."

जफरभाईनं गाडी हळू केलती.  बाबा म्हणे, "म्हणून म्हणतो बाई, एकदा तरी माह्या खांबाचं माप खरं निघू द्या. मग नाव काढा नाही तर ठेवा."

 म्या बाहेर पाह्यलं अन् खिडकीची काच उगाचच वर खाली केली.

ज्वारी यावेळी चांगली भेटली. बाबानं तीन पोते परत केले, बाकीचे पास केले. दुपारी चारच्या सुमाराले आम्ही तळ्यावर आलो. गाडी थांबायच्या पहिलेच बाबूसिंग धावत आला. तोंडावर असा आनंद, जसं घरात लगीन निघालं.

"ताई, उतरा, पाहा," तो म्हणे. "मॅडमची छाती भरून येईन."

म्या बांधावर चढून पाह्यलं. तळं ताटासारखं साफ. काठ टिकासीनं सरळ छाटलेले. तळाले पाणी शिंपडून चोपलेलं. मधोमध चुन्याची भली मोठी रांगोळी अन् खाली लिहिलेलं, सुस्वागतम्. ऐंशी माणसं घामानं निथळत उभी, अन् सगळ्याईचे डोळे माह्या तोंडावर.

बारापैकी एकही खांब जागेवर नव्हता.

"खांब?" म्या विचारलं.

"ते मधे मधे खुंटासारखे घाण दिसत होते," बाबूसिंग म्हणे. "पाव्हणे यायचे म्हटल्यावर अंगणात कोणी खुंट ठेवते काय? सकाळपासून सगळे लागलो. जेवलोबी नाही."

माह्या तळपायाची आग मस्तकाले गेली. काय काय बोलली ते आता सांगवत नाही. म्हटलं, अरे, तीन आठवड्याचं काम तुमी झाडून फेकून दिलं. ते खांबच आपला पुरावा होता. आता उद्या कपिल सर टेप कशाले लावंन, तुमच्या रांगोळीले? पुढच्या तीन आठवड्याची ज्वारी तुमी हातानं टोपल्यात भरून बाहेर टाकली. मधेच खेमसिंगबाबा म्हणे, "बाई," तर म्या म्हटलं, "तुमी बोलू नका बाबा, तुमाले नेलं हीच माही चूक." थोड्या वेळानं पुन्हा "बाई" म्हणे, तर म्या हातानंच गप केलं. तिसऱ्यांदा तो काही म्हणालाच नाही. पागोटं सोडून पुन्हा बांधत बसला.

बोलून बोलून माहा आवाज फाटला. समोर पाह्यलं तर बायका पदरानं डोळे पुसून राह्यल्या. बाबूसिंग, एवढा उंच गडी, मान खाली घालून उभा. तेव्हा मले माहंच सकाळचं वाक्य आठवलं, तळं चांगलं दिसू द्या. या लोकाईनं काय वाईट केलं? पाव्हणा येणार म्हणून सडा-सारवण करते माणूस, तेवढंच केलं, अन् उपाशी राहून केलं. मी मटकन बांधावर बसली. मनात एकच येई, त्या बाबानं आजच सांगितलं मले, अन् आजच त्याचे खांब गेले. उद्या यादीतून धरमसिंग पुन्हा जाईन, अन् यावेळी माह्यापायी. लाज वाटली मले माही.

एका बाईनं पाण्याचा लोटा दिला. मी पाणी पिऊन राह्यली, तेव्हा बाबा जवळ आला.

"आता बोलू काय?"

"बोला."

"खांब कधी ना कधी पडते, हे मले मालूम होतं. ढोर पाडते, पाणी पाडते, माणूस पाडते. म्हणून म्या त्याईचं डोकं पहिल्याच आठवड्यात काठावर नेऊन ठेवलं."

"काय नेऊन ठेवलं?"

"डोकं. ते शेंदराचे दगड. एकेक दगड एकेका खांबाच्या डोक्याच्या बरोबरीत रोवला आहे, ना वर ना खाली. खांब गेला तरी त्याची उंची जागेवर आहे."

मले काही समजलं नाही. जफरभाईले मात्र समजलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "या अल्ला, ताई, दुसरं टोक तर मीच धरलं होतं. बाजाराच्या दिवशी बाबा मले इथं घेऊन आलते. फरशीची नळी घेऊन चल म्हणे. मले वाटलं, बुढ्याचा काही शौक असंन."

फरशी बसवणारे आरपार दिसणारी लांब नळी वापरतात, तिच्यात पाणी भरतात. दोन टोकं कितीही दूर न्या, पाणी दोन्हीकडं एकाच उंचीवर थांबते. बाबानं नळीचं एक टोक खांबाच्या डोक्याशी धरलं अन् दुसरं काठाच्या उतारावर, अन् जिथं पाणी थांबलं तिथं दगड रोवला. असं बारा वेळा. आता उलटं करायचं. एक टोक दगडाशी, दुसरं तळ्यात जिथं खांब होता तिथं, अन् पाण्यापासून खालच्या जमिनीपर्यंत टेप.

"अन् शेंदूर कायले?" म्या विचारलं.

"साध्या दगडाले कोणीबी उचलून फेकते," बाबा म्हणे. "शेंदूर लावला की टिकास थांबते. आपल्या लोकाईले मी ओळखतो, बाई."

अन् खरंच, खांब छाटणाऱ्या त्याच हातानं लोकाईनं सकाळी त्या दगडाईले धुऊन ताजी फुलं वाह्यली होती. मी उठली ती एकदम. "जफरभाई, नळी काढा," म्या म्हटलं, अन् माहा आवाज वापस आला. पहिल्या दगडापाशी लावून पाह्यलं. तीन फूट दोन इंच. लोकाईनं एकच कल्ला केला. बाबूसिंगनं बाबाले खांद्यावर उचललं अन् बाबा ओरडे, "अरे उतरव, पागोटं पडते." रडून राह्यलेल्या बायका हसायले लागल्या. मी हसून राह्यली का रडून, ते मलेच समजत नव्हतं.

पण समजून घेणारे आपण. उद्या कपिल सरनं समजून घ्यायले पाह्यजे.

शनिवारी दहा वाजता सर अन् मॅडम आले. सरनं रांगोळी पाह्यली अन् त्याच्या तोंडाचा रंगच गेला. म्या पुढं होऊन सगळं सांगून टाकलं. माहं वाक्य, माही चूक, लोकाईचा उत्साह, अन् बाबाचे दगड. सरनं शांतपणे ऐकलं. मग म्हणे, "ताई, बाबाची रीत बरोबर आहे. पण दगड कालही रोवलेले असू शकतात. मी कशावरून मानू?"

 माह्या डोक्यात वीज चमकल्यासारखं झालं. म्या म्हटलं, "सर, तुमचा मोबाइल काढा. पहिल्या शनिवारचा फोटो." धान्य वाटताना ते दर शनिवारी सगळ्याईचा फोटो काढतात. निघाला फोटो. पुढं आम्ही सगळे दात काढून उभे, मागं खांब, अन् बाजूले उतारावर शेंदूर लावलेले दगड. तारीख दोन आठवड्यापूर्वीची. मॅडमनं फोटो बोटानं मोठा करून पाह्यला अन् म्हणाल्या, "कपिल, मोजा."

मोजायले लागले. एक, तीन फूट दोन इंच. दोन, तीन फूट एक. तीन, दोन फूट अकरा, तेव्हा सगळ्याईनं श्वास धरला. चार, तीन फूट दोन. दर आकड्याले माणसं एक पाऊल पुढं सरकत. सहाव्यापर्यंत सारं बरोबर चाललं होतं. सातव्याचा आकडा आला तीन फूट पाच, अन् लोकाईनं टाळ्या वाजवल्या.

"तो धरू नका," खेमसिंगबाबा म्हणे.

टाळ्या थांबल्या. बाबूसिंग हळूच म्हणे, "बाबा, गप ना."

"सातवा दगड ढिला झाला होता," बाबा सरले सांगून राह्यला. "काल धुताना कोण्या बाईनं तो काढला अन् चांगल्या मनानं पुन्हा रोवला. दोन बोटं वर आला. खालच्या मातीचा जुना वळ दिसून राह्यला, पाहा. त्याचं माप दोन बोटं खोटं आहे. कापा."

सर वाकून बसले. दगडाच्या अंगावर मातीची जुनी रेघ होती, अन् ती जमिनीच्या दोन बोटं वर आलती. कोणी सांगितलं नसतं तर कोणाच्याच ध्यानात आलं नसतं. त्या सगळ्या माणसात बाबानं हे काहून सांगितलं, हे फक्त मले अन् जफरभाईले माहीत होतं. सरनं सातवा आकडा खोडला, दीड इंच कमी करून लिहिला, अन् बाबाकडं पाहून म्हणे, "बाबा, आता बाकीचे दगड मी मानले." पुढचे पाचही त्यानं फोटोबिटो न पाहता मोजले.

सरासरी निघाली तीन फूट एक इंच. काम पुढं चालू.

मग जो गोंधळ झाला, तो बोरखडीनं एवढ्यात पाह्यला नव्हता. रांगोळी पायानं पुसली गेली, कोणाले तिचं काही वाटलं नाही. त्या गडबडीतच सरनं नवीन यादी लिहिली. पुढच्या तीन आठवड्याची, अन् वर कामावरच्या पाच माणसाईची नावं: मुकादम, पाणी पाजणारी, पाळण्यातली लेकरं सांभाळणारी, असे. मॅडमनं सांगितलं, पुढच्या साली बाभुळगावकडच्या दोन गावात काम निघणार आहे, तिथल्या मुकादमाईले ही रीत शिकवायले राखणदार लागंन. यादी माह्या हातात दिली, म्हणाल्या, "हजेरी घ्या, विमलताई."

मी तळ्याच्या बांधावर उभी राह्यली अन् माह्या नेहमीच्या आवाजात वाचायले लागली. दुसऱ्या ओळीवर सरनं लिहिलं होतं, मापाचा राखणदार. अन् यावेळी कडेले आडवं नाही, रकान्यात नीट सरळ.

"खेमसिंग धरमसिंग राठोड," म्या पुकारलं.

तो उतारावर सातव्या दगडापाशी उभा होता. दगड पुन्हा जागेवर बसवून हाताची माती झटकून राह्यला होता. नाव ऐकून सरळ झाला. पागोटं काढलं, छातीशी धरलं.

"हाजर, जी," तो म्हणे. मग थोडं थांबून, "दोघंबी."

पुढचं नाव पुकारायचं होतं मले. ऐंशी माणसं थांबली होती, अन् माहा एवढा मोठा आवाज, पण तो काही केल्या निघे ना. शेवटी बाबूसिंगनं माह्या हातातून यादी घेतली अन् पुढचं नाव त्यानं पुकारलं.